स्क्रीन फेल झालेली राधिका

"फेल? म्हंजे माझी पोरगी फेल झाली?"

ज्ञानोबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. शेजारी त्यांची बायको सुमनबाई आणि दोघांच्या मधे राधिका. राधिका दहा वर्षांची. बघणाऱ्याला सहाची वाटायची. बाहेर आमचा अटेंडंट बोलून गेला होता, "तुमचा पेशंट स्क्रीन फेल आहे." मी समजावून सांगायच्या आधीच शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता. हे नेहमीचंच. तरी दर वेळी जीव थकतो.

मी परभणीतल्या एका खासगी हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. आधी स्टाफ नर्स होते. ट्रायल म्हणजे औषधाची माणसांवर, कडक नियमात केलेली परीक्षा. डॉक्टर पेशंट तपासतात, कंपनी औषध पुरवते आणि बाकीचं सगळं कोऑर्डिनेटरच्या गळ्यात. आम्ही मधुमेहाच्या ट्रायल करतो. तेव्हा पहिल्यांदाच मुलांच्या वाढीची ट्रायल घेतली होती. ज्या मुलांच्या अंगात ग्रोथ हॉर्मोन कमी असतं, त्यांना ते इंजेक्शननं रोज द्यावं लागतं. या ट्रायलमध्ये ते आठवड्यातून एकदाच द्यायचं होतं. औषध फार महाग. ट्रायलमध्ये फुकट.

ते सुरू करण्याआधी पेशंट नियमात बसतो का हे तपासतात. त्याला स्क्रीनिंग म्हणतात. बसला नाही तर स्क्रीन फेल. एवढाच त्याचा अर्थ.

"राधिका फेल नाही झाली," मी म्हणाले. "तिचा आजार वेगळा निघाला."

"मंग फेलच की."

आमचे डॉक्टर आत आले. त्यांनी राधिकाच्या डाव्या पंजाचा एक्स-रे लावला. त्यावरून हाडांचं वय कळतं. राधिकाची हाडं पाच वर्षांच्या मुलीची होती. मग रक्ताचा रिपोर्ट. गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. ती काम करेनाशी झाली, की तिला हाका मारणारं एक हॉर्मोन मेंदूकडून वाढत जातं. त्याला टीएसएच म्हणतात. राधिकाचं टीएसएच लॅबच्या मशीनला मोजताच आलं नव्हतं. नुसतं 'यापेक्षा जास्त' असं छापून आलं होतं.

"हिला इंजेक्शन नको," डॉक्टर म्हणाले. "गोळी हवी. रोज सकाळी, उपाशीपोटी."

"गोळी?" डॉक्टरांनी टेबलावर ठेवलेल्या गोळ्यांच्या बाटलीकडं ज्ञानोबांनी बघितलं. "एवढीशी? ह्यानं उंची वाढती?"

"वाढते."

"साहेब, तुमी तो रिपोर्ट जरा बाजूला ठेवा. थायरॉईडचं बघू मागून. आधी इंजेक्शन चालू करा. आमाला कुठं परवडतंय ते? इथं मिळायलंय तर तुमी नको म्हणायलेत."

डॉक्टरांनी समजावलं. थायरॉईड बंद असताना ग्रोथ हॉर्मोनची टेस्ट केली, तर ती खोटीच कमी येते. पोरगी कागदावर ट्रायलला अगदी योग्य दिसेल. इंजेक्शनं चालू होतील आणि खरा आजार तसाच राहील. थायरॉईडशिवाय शरीर वाढत नाही. डोकंही मंदावत जातं.

ज्ञानोबांनी ऐकून घेतलं. मग राधिकाचा हात धरला आणि निघाले. बाटली टेबलावरच राहिली. सुमनबाईंनी दारातून एकदा वळून त्या बाटलीकडं बघितलं, पण त्या थांबल्या नाहीत.

दुपारी पुण्याहून मॉनिटरचा फोन. मॉनिटर म्हणजे कंपनीच्या वतीनं आमच्या कामावर लक्ष ठेवणारा माणूस. तरुण मुलगा, बोलायला नम्र.

"मॅडम, गोळीनं थायरॉईड नॉर्मल झालं की रीस्क्रीन होईल ना?"

"होईल. काही महिने लागतील."

"एनरोलमेंट, म्हणजे नवे पेशंट घेणं, दिवाळीनंतर बंद होणार आहे."

"मग नाही होणार."

"बघा ना काहीतरी."

"काय बघू?"

त्याच्या डोक्यावर त्याचा बॉस होता. आमच्या सेंटरला पेशंट कमी मिळाले होते. त्याला दाखवायला एक नाव हवं होतं. मी फोन ठेवला.

मग मी ज्ञानोबांना फोन लावत राहिले. आधी उचलत नव्हते, मग नंबर बंद लागायला लागला. नियमानं माझं काम संपलं होतं. स्क्रीन फेल झालेल्या पेशंटचा पाठपुरावा करायला मला कोणी पगार देत नाही. डॉक्टर म्हणाले, "आपण सांगितलं. आता त्यांची मर्जी." मला त्यांचा राग नाही आला. ओपीडीत बाहेर शंभर माणसं बसलेली असतात. पण त्या पोरीचा सुजरा चेहरा आणि उन्हातही अंगात असलेलं स्वेटर काही डोळ्यांसमोरून जाईना.

रविवारी फॉर्मवरच्या पत्त्यावरून एसटीनं बोरीला गेले. गुडघे दुखत होते, जायची इच्छाही नव्हती. तिथून पुढं त्यांच्या वस्तीपर्यंत एका दूधवाल्यानं मोटरसायकलवर सोडलं.

दारात सामान बांधणं चाललं होतं. भांडी, ताडपत्री, कोयते. ऊसतोडीची टोळी दोन दिवसांनी कर्नाटकात निघणार होती. राधिका उन्हाला पाठ करून भिंतीशी बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ.

"ही शाळेत कशी आहे?" मी सुमनबाईंना विचारलं.

"गुरुजी म्हणत्यात लय शांत पोरगी हाय. बसवलं तिथं बसती. कधी उलटून बोलत न्हाई." मग ताडपत्रीची गाठ आवळत त्याच म्हणाल्या, "दोन दिवाळ्या झाल्या मॅडम, हिला नवा फ्रॉक घ्यायची गरज न्हाई पडली. जुनाच बसायलाय. आमाला वाटलं, पोरगी जपून वापरती."

मी त्यांना सांगितलं की ती शांत नाही, आजारी आहे. अंगात ऊबच तयार होत नाही म्हणून ती उन्हाला बसते. सुमनबाई हातातलं काम सोडून खाली बसल्या.

"हिला पाळी येईल का?"

"गोळी चालू ठेवली तर येईल."

"लगीन झाल्यावर?"

"तेव्हाही गोळी. कायमची."

"म्हंजे बरी होणारच न्हाई?"

"गोळी घेते तोवर बरी. आपण रोज जेवतो, तसं समजा."

ज्ञानोबा पाण्याची घागर घेऊन आले. मला बघून कपाळाला आठी पडली, पण चहा टाकायला सांगितला.

"मॅडम, तुमी आलात, बरं वाटलं. पण तिकडं कोपीत राहायचं. पाचटाची झोपडी ती. आमी पहाटंच ऊस तोडायला फडात जातो. गोळ्या कोण देणार? खामखा नाटक."

"मी देईन," सुमनबाई म्हणाल्या.

"तू?"

"भाकरी थापायला मीच उठते ना? चुलीला जाळ घालायच्या आधी तिला उठवीन, गोळी देईन. तुमी झोपा."

ज्ञानोबांनी घागर आत नेऊन ठेवली. मी पर्समधून गोळ्यांच्या बाटल्या काढून सुमनबाईंच्या हातात दिल्या. सुरुवातीला अर्धी, मग किती वाढवायची ते दोनदा सांगितलं. चहा-भाकरी अर्ध्या तासानंतर. मधे एकदा तिकडच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं आणि रिपोर्टचा फोटो पाठवायचा. त्यांनी बाटल्या पदराला बांधल्या.

फोटो आला. संक्रांतीनंतर, कुणा मुकादमाच्या मोबाईलवरून, अर्धा कापलेला. टीएसएच अजून जास्तच होतं, पण आता आकडा छापता आला होता. डॉक्टरांनी डोस वाढवला. मी त्या नंबरवर फोन करून सांगितलं. निरोप पोचला की नाही ते कळलं नाही. त्यानंतर काहीच नाही.

दरम्यान कंपनीनं आमच्याकडची ती ट्रायल बंद केली. मॉनिटर येऊन कागदपत्रांची खोकी सील करून गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, तुमचं पेपरवर्क फार चांगलं होतं." मी थँक्यू म्हणाले.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. एका सकाळी ओपीडीत कालवा ऐकू आला. नंबरावरून कुणीतरी भांडत होतं. "आमी आधी आलोय, तुमी मागून!" बघितलं तर राधिका. चेहऱ्याची सूज गेली होती. गळ्याशी हाडं दिसत होती. अंगातला फ्रॉक नवा होता आणि तोही आखूड व्हायला लागला होता.

सुमनबाई दमलेल्या दिसत होत्या.

"मॅडम, ती गोळी जराशी कमी करता येती का?"

"का? काय झालं?"

"लय बोलायलीय. दिवसभर. कशाला हात लावू देत न्हाई, भावाला मारती, बापाला उलटून बोलती. फडात सगळे म्हणायचे, पोरीला काय झालं?"

डॉक्टर हसले. ते फार कमी हसतात. "हीच तुमची मुलगी आहे, बाई. इतके दिवस ती झोपेत होती."

गोळी कमी केली नाही. उंची मोजली, ती चांगली वाढली होती. ज्ञानोबा मोजपट्टीजवळच उभे होते.

"साहेब, आजून किती वाढंल?"

"वाढेल. पण मधली वर्षं वाया गेली आहेत. ती सगळीच्या सगळी परत मिळतील असं मी सांगू शकत नाही."

"इंजेक्शननं मिळाली असती का?"

"नाही."

ज्ञानोबांनी मान हलवली. पटल्यासारखं वाटलं नाही. आजही ते कुणाला तरी सांगत असतील, की परभणीला इंजेक्शन मिळणार होतं, ते थोडक्यात हुकलं. सांगोत बापडे. राधिका गोळी घेते, तपासणीला येते, माझं डोकं खाते. वर्गात तिचं नाव आता दंगा करणाऱ्यांत असतं, असं सुमनबाई सांगतात. तक्रारीच्याच सुरात.

एखादं मूल वाढायचं थांबलं, तर आधी थायरॉईड तपासावं. साधी रक्ताची तपासणी आहे, तालुक्याला होते. राधिकाच्या बाबतीत कोणीतरी ती वेळेवर केली असती, तर तिची माझी कधी गाठच पडली नसती. ते जास्त बरं झालं असतं.