मोकळं रान

मादन हिप्परग्यात सिद्धप्पांनी जेवत्या ताटावरून उठवला नाही असा माणूस विरळा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते तिकडे दगडांखालची माणसं काढायला गेले होते. परत आले ते वेगळेच. त्यानंतर कधीही थाळी बडवत गल्लीतून निघायचे. ती वाजली की पोराबाळांनी असेल तसं उठून मोकळ्या रानात जायचं, आणि ते सांगेपर्यंत तिथून हलायचं नाही. गाव हसायचं. मीही शाळेच्या ओट्यावर बसून पोटभर हसलो आहे. त्यांचा मुलगा किरणकुमार मात्र मुकाट मान हलवायचा आणि सगळ्यांच्या आधी रानात असायचा.

मोठा होऊन तो अंदमानात, समुद्रकाठच्या हटबे गावी, रस्त्याच्या कामावर गेला. २००४च्या डिसेंबरात एका सकाळी तिथली जमीन हलली. त्याच्या खोलीवरचा आळंदचा गुरप्पा वाचला. त्यानं येऊन सांगितलं, की किरणनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि भिंत नको, झाड नको म्हणून समोरच्या वाळूवर नेऊन उभं केलं. लोक टेकडीकडे पळताना पाहून गुरप्पा निघाला, तर किरण म्हणाला, "आमचे अप्पा सांगतेत, मोकळं रान सोडायचं न्हाई." मग समुद्र मागे सरला, आणि आला. सिद्धप्पा लिंगायत, त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवून मळ्यात समाधी देतात. किरणला तीही मिळाली नाही.

मी भूगोल शिकवायचो, म्हणून सिद्धप्पा मला धरून बसत. जमीन समुद्राखाली हलली, तर पाणी गावात कामून आलं? मी सांगायचो, भरल्या घमेल्याला खालून लाथ बसावी तसं. तळाची जमीन उसळली की वरचं सगळं पाणी उचललं जातं. खोल समुद्रात ती लाट कळतही नाही. किनाऱ्याशी पाणी उथळ होतं, तिथं तिचा वेग कमी होतो आणि ती उंच होत जाते. ते नीट ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारत, "म्हंजे ज्यांनी माझं ऐकलं न्हाई, ते वाचले?" मी विषय बदलायचो.

बाप गेला तेव्हा पाळण्यात असलेली किरणची भुवनेश्वरी यंदा नर्स झाली, आणि नोकरी लागली ती कारवारला. मेली दुसरी गावं काय ओस पडली होती, असा मला रागच आला. सिद्धप्पांनी अडवलं नाही. ती थाळी त्यांनी कधीच विहिरीत टाकली होती.

बसस्टँडवर पोरीनंच विषय काढला. "अज्जा, तितं जमीन हलली तर मी काय करू?"

सगळ्या गावाला पळवणारा हा माणूस माझ्या तोंडाकडे बघू लागला. "सरांना इचार," म्हणाले. "माझं काई ऐकू नको."

मी तिला सांगितलं, हलायचं थांबलं की तिथं उभी राहू नको, समुद्राकडे बघत बसू नको, उंचावर पळ. तिनं मुकाट मान हलवली आणि गाडीत चढली.

गाडी गेल्यावर सिद्धप्पा बाकावर टेकले.

"सर," ते म्हणाले, "किरणबी अशीच मान हलवायचा."