मल्लिकार्जुनची लाल बिअर

माझा भाचा मल्लिकार्जुन याच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं मनात आलं. मला लिहिता येतं असं नाही, आणि भाच्याबद्दल वाईट लिहावं का, हाही प्रश्नच आहे. पण चांगलं लिहायला त्यानं फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

मल्लिकार्जुन पुण्यात एका मोठ्या हॉटेलात होता. बिअर कशी प्यावी आणि कशासोबत प्यावी, हे लोकांना शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. असं काम असतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या लातुरात हे काम लोक कुणी न शिकवता करत आलेले आहेत.

त्याची आई पार्वतम्मा ही माझी थोरली अक्का. ती लातुरात एकटी राहते. पोरगा परत यावा एवढंच तिचं मागणं. पोरगा तयार झाला, पण इथंही त्याला तेच काम हवं होतं. नांदेड रोडला ग्यानोबाचं हॉटेल आहे, परमिट रूमसकट. ग्यानोबा म्हणाला, "एकदा चव दाखव. पटली तर काउंटर तुझं." नाही पटली तर मल्लिकार्जुन पुण्याला आणि अक्का पुन्हा एकटी.

आमचं घर लिंगायत. अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलेलं नाही. त्या घरात अक्कानं पहाटे उठून येसर आमटी, भरली वांगी आणि भाकरी केल्या. कशाला, तर बिअरसोबत खायला. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"बघून काय राहिलास? पोरगं गावात ऱ्हात असंल तर मी बारात बी डबा धाडते. तू घेऊन जा."

म्हणून मी गेलो. एरवी तिथे माझं काय काम?

दुपारची वेळ होती. ग्यानोबा होता आणि त्याचा दोस्त शिवशंकर, रस्त्यांची कंत्राटं घेणारा गुत्तेदार, होता. मल्लिकार्जुननं उंच पेल्यांत बिअर ओतली. रंग चिंचेच्या कोळासारखा. पुण्याच्या कुठल्याशा छोट्या कारखान्यात ती थोडी थोडीच बनते म्हणे, आणि थोडीच बनते म्हणून चांगली. पेला नाकाशी धरून तो डोळे मिटून उभा राहिला. एवढ्या भक्तीनं तो कधी लिंगपूजेला बसलेला मी पाहिलेला नाही.

"आधी वास घ्या. भाजलेल्या पावाचा येतोय का?"

"पावच हुंगायचा तर बेकरीत गेलो असतो की," शिवशंकर म्हणाला.

"आता छोटा घोट. जिभेवर फिरवा."

ग्यानोबानं एका दमात अर्धा पेला संपवला. "हाव. गार हाय."

माझ्याही हातात पेला आला. मला नाही म्हणायला जमत नाही. आधी कडू लागलं, मागून जळक्या गुळासारखं काहीतरी. तसं मी बोललो.

"बघा, मामांना कळलं!" भाचा उजळला. "यालाच कॅरमेल म्हणतात."

घरात गूळ जाळला तर बाईला बोलणी बसतात. इथं त्याचं कौतुक चाललं होतं.

मग त्यानं ताटं मांडली आणि तिथंच सगळं बिघडलं. आमच्याकडे पिणारा आधी पितो, शेंगदाणे आणि पापड तोंडात टाकत. ताट आलं की पिणं संपलं. भाकरीला लागलेला हात पेल्याला लागत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मल्लिकार्जुन मात्र पुण्यात विसरून आला. येसरचा वास येताच दोघांनी पेले बाजूला सारले, उठून हात धुतले, ताटाला नमस्कार केला आणि भाकरी मोडली.

"काका, आता एक घास, एक घोट."

"येडा हायस का? जेवताना कोण पितं?" ग्यानोबा म्हणाला.

"तेच तर दाखवायचंय. आमटी तिखट, बिअर जरा गोडसर. दोन्ही मिळून..."

"जेवू दे की रे."

मला कीव आली. मी एक घास खाल्ला आणि वर एक घोट घेतला. खरं सांगायचं तर जिभेची आग उतरली.

"तिखट उतरतंय," मी हळूच म्हणालो.

"मामा, तिखट उतरवायला दही हाय की," शिवशंकर म्हणाला, आणि दोघं हसले.

"काही म्हण, अक्काच्या हाताला लई चव हाय," म्हणत ग्यानोबानं आणखी आमटी ओतून घेतली. पेल्यांतला फेस बसून गेला होता. मल्लिकार्जुन त्या पेल्यांकडे अशा चेहऱ्यानं बघत होता, जणू घरातलं कुणी आजारी आहे.

"असं खात सुटल्यावर चव काय कळणार तुम्हाला!" असं म्हणून त्यानं ग्यानोबाच्या पुढचं ताट ओढलं आणि तिथं पेला ठेवला.

ग्यानोबाचा हात आमटीत भिजलेल्या तुकड्यासकट तसाच राहिला. त्यानं तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला आणि उठला.

"माझ्या बापानं बी मला कधी भरल्या ताटावरून उठवलं न्हाई. तू पुण्यालाच जा, बाबा."

तो हात धुऊन निघून गेला. आणि आमचे चिरंजीव? ते शिवशंकरला समजावून सांगत होते, की चव घेताना पोट थोडं रिकामं असावं लागतं.

घरी अक्कानं डबा हातात घेतला आणि तो जड लागताच माझ्याकडे बघितलं. "उरलं कसं?"

मी सांगितलं. मल्लिकार्जुन मागून म्हणाला, "आई, त्या लोकांना अक्कलच..."

"ताट वढलंस?"

"अगं, मी फक्त दाखवत होतो..."

"वढलंस का न्हाई?"

"हाव."

"जेवत्या माणसाचं ताट वढणारा माझ्या घरात नको. सकाळच्या गाडीनं जा."

तो गेला. उरलेल्या बाटल्या मात्र कपड्यांत नीट गुंडाळून घेऊन गेला.

आता संध्याकाळी मी अक्काकडे जाऊन बसतो. त्याचा फोन आला की ती विचारते, "जेवलास का?" मग तो कशासोबत काय खाल्लं ते सांगायला लागतो, आणि अक्का फोन माझ्या हातात देऊन आत जाते.