बाभळीचा काटा

इंदापूर-बारामतीकडच्या लग्नांत तात्या भाड्यानं फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, वाजवत. दर तबकडीला पोलादाची नवी सुई लावत, झिजलेली नखावर घासून "मेली ही" म्हणत डबीत टाकत. एका जुन्या तबकडीला मात्र बाभळीचा काटा तासून लावत. आवाज इतका बारीक येई की वऱ्हाडी कुरकुरत.

"पोलाद तिला खातंय," ते म्हणत.

त्या तबकडीवरचं गाणं त्यांच्या वारलेल्या बहिणीनं गायलेलं होतं. तेव्हाच्या तबकड्यांत गाणं संपलं की गाणारी आपलं नाव सांगे. ते त्याआधीच काटा उचलत.

लासुर्ण्याच्या एका लग्नात त्यांना तबकड्या काढून देताना मी म्हणालो, "तात्या, नाव तरी ऐकू द्या."

"गाणं झिजलं तर झिजू दे," ते तबकडी पुसत म्हणाले. "नाव झिजाया नगं."