मराठीतलं चलान

माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला मी कर्नाटकातल्या निपाणीहून कोल्हापूरला निघालो होतो. मोतीबिंदूमुळे त्यांना माणूस ओळखू येतो, पण अक्षर लागत नाही. नदी ओलांडली की महाराष्ट्र. तरुणपणी आमचा सीमाभाग याच महाराष्ट्रात जावा म्हणून आप्पा तुरुंगात जाऊन आलेले. आपल्याला सरकारी कागद मराठीतून मिळावेत, ही त्यांची जन्मभराची मागणी. कन्नडमधली नोटीस आली की ते ती न वाचताच खिळ्याला अडकवत.

कोल्हापुरात शिरताना मी सिग्नल तोडला. चूक माझीच. हवालदारानं शिट्टी मारली, नंबरप्लेट पाहिली आणि गाडी बाजूला घ्यायची खूण केली.

मी कागद शोधेपर्यंत आप्पांनी काच खाली करून हात जोडले. "तप्पाय्तु साहेब, बिडरी." चूक झाली, सोडा. तेही कन्नडमध्ये! चिकोडीच्या कचेरीत टेबलासमोर उभं राहून राहून लागलेली सवय. खाकी दिसली की आमच्याकडे भल्याभल्यांची जीभ आपोआप कन्नडकडे वळते, घरात मराठीसाठी भांडणाऱ्यांचीसुद्धा.

"बाबा, इधर कन्नड नहीं चलता," हवालदार म्हणाला. समजुतीनंच म्हणाला, त्याचा तरी काय दोष?

आप्पांनी जोडलेले हात खाली घेतले. निदान मी तरी सांगायचं की नाही, की अहो, आम्ही मराठीच! तर माझ्या तोंडून निघालं, "सॉरी साब, गलती हो गया." स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. त्यानं गाडीचा फोटो काढला, मोबाइल नंबर घेतला आणि आम्हाला जाऊ दिलं.

दवाखान्यात बाकावर बसलो होतो, तेव्हा मेसेज आला.

"काय आलंय रं?"

"चलान, आप्पा. सिग्नलचं."

"कसल्या भाषेत हाय?"

"मराठीत."

ते बाकावर माझ्याकडे सरकले. "वाच," म्हणाले.

मी वाचलं. गाडीचा नंबर, जागा, वेळ, गुन्हा. मान पुढं काढून ते एकेक शब्द ऐकत होते.

"माझं नाव हाय त्यात?"

"व्हय. गाडी तुमच्याच नावावर हाय की."

"मग पुन्यांदा वाच."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'परराज्यातील वाहन' हे दोन शब्द मात्र दोन्ही वेळा गाळले.