फूल कुठे गेलं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी नाशिक रोडच्या बाजारात झेंडू घेत होतो, तेव्हा सुधावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले. झोपेतच..." पुढे त्यांना बोलता आलं नाही. फुलवालीनं पिशवी पुढे केली होती. ती घेऊनच मी देवळाली कॅम्पला गेलो.

बापू जगताप तोफखान्यातून निवृत्त झाले आणि कॅम्पातच राहिले. मी वर्तमानपत्रात होतो. एका बातमीसाठी त्यांच्याकडे गेलो आणि गोल्फला लागलो. पावसाळ्यात मैदान बंद असे. ते उघडण्याआधी, दसऱ्याला, बापू आपल्या क्लबांना, गोल्फच्या काठ्यांना, हळदकुंकू वाहत आणि मग अंगणात चेंडूच्या जागी झेंडूचं फूल ठेवत. हंगामाचा पहिला फटका त्या फुलाला. चेंडू दिसला की माणूस नुसता जोर लावतो, असं त्यांचं म्हणणं. आधी पकड, मग पाय, मग खांदे. दरवर्षी सगळं पहिल्यापासून. "पत्रकार, मान वर करू नकोस. फूल कुठे गेलं ते मी सांगतो." फटका बसल्यावरही मारणाऱ्यानं खालीच बघायचं आणि दुसऱ्यानं सांगायचं, हा नियम. माझ्या वेळी ते हळूच म्हणत, "तुळशीत गेलं. तुझ्या वहिनीला बोलू नकोस." त्यांचं फूल बहुतेक सरळ फाटकापर्यंत जाई.

गेल्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत आलं, उजवा हात पुरता आला नाही. यंदाच्या दसऱ्याला फूल मारायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं; बापू अंगणात उभे राहून पकड घेत. शेवटच्या भेटीत त्यांनी मला जवळ बोलावलं. "अंगठा बघ रे. कुठे आहे तेच कळत नाही मला." मी तो उचलून दांड्यावर बसवला. गार लागला. "आता?" "बरोबर आहे." त्यांनी क्लब कमरेपर्यंत नेला, थांबले आणि परत आणला. समोर फूल नव्हतंच. तरी मान खाली घालून ते उभे राहिले... मला कळायला जरा वेळ लागला.

"सरळ गेलं," मी म्हणालो.

"फाटकापर्यंत?"

"फाटकाबाहेर."

"थापा मारतोस, पत्रकार." ते हसले, तेव्हा ओठ एका बाजूला ओढला गेला.

पायरीवरून वहिनी म्हणाल्या, "दसऱ्याला खरं फूल ठेवते. पण आधी माझ्या कुंड्या उचलू द्या."

परवा मैदान उघडलं. वहिनींनी क्लब घेऊन जायला बोलावलं. अंगणात बापू उभे राहत तिथे दोन पावलांपुरती माती उघडी पडली आहे; झाडताना वहिनी तेवढी जागा सोडतात. त्यांनी एक वाळलेला झेंडू आणून तिथे ठेवला. "तुम्ही त्या दिवशी आणलेल्यातला. मारा. यांचं राहिलंय ते." आणि त्या आत गेल्या.

बापूंचा क्लब घेऊन मी त्या जागेवर उभा राहिलो. दांड्याच्या रबरावर अंगठ्याचा खळगा पडला होता. माझा अंगठा आपोआप त्यात बसला. फटका बसला. वाळलेलं फूल तुटल्याचा बारीक आवाज झाला. पायापुढे नुसती माती होती. मी खालीच बघत राहिलो... मागे कुणीतरी घसा खाकरल्यासारखं वाटलं. मी मान वर केली नाही.