सगळ्यात शेवटी उतरणारा

एकतीस वर्षं मी लिफ्ट चालवली. सात मजली ऑफिस, जाळीचा दरवाजा, कोपऱ्यात लाकडी स्टूल आणि त्यावर मी. हाताची घडी, तोंडावर बोट. लोक मला 'लिफ्ट' म्हणूनच हाक मारायचे आणि माझ्यासमोर वाट्टेल ते बोलायचे. कोणाची बदली होणार, कोणाच्या बायकोने माहेर गाठलं, सगळं मला साहेबांच्या आधी कळायचं. लिफ्टमनलाही कान असतात, हे कोणाच्या डोक्यातच यायचं नाही.

या कामाचा नियम एकच. दरवाजा धरायचा, सगळ्यांना बाहेर सोडायचं, आपण शेवटी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी स्वतःच्या घरातूनही मी सगळ्यात शेवटी निघतो. आता घरात मी एकटाच असतो, ती गोष्ट वेगळी. बायको गेली, लेक सासरी.

ऑफिसातल्या तिघांनी सहलीला चल म्हटलं, तेव्हा लेकच फोनवर ओरडली, "जा हो बाबा! भिंतींशी किती बोलाल?" म्हणून गेलो. हेडक्लार्क, कॅशियर आणि टायपिस्टबाई, तिघेही आता माझ्यासारखेच रिटायर. पहिल्याच दिवशी हेडक्लार्क म्हणाले, "हे बघ लिफ्ट, आता साहेबबिहेब बंद. आपण सगळे मित्र."

मी म्हटलं, "बरं साहेब."

केवढे हसले सगळे! खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं. मित्र म्हणणारी माणसं या वयात कुठे मिळतात?

दुसऱ्या दिवशी शहर बघायला निघालो. सकाळभर पायपीट. जुना बाजार झाला, नदीवरचा पूल झाला आणि मग तो उंच मनोरा, ज्याच्या टोकावरून सगळं शहर दिसतं. वर जायला लिफ्ट होती, पण चालवणारा कोणी नाही, नुसती बटणं. मी सवयीने बटणांशेजारी जाऊन उभा राहिलो. वरून शहर बघून झालं. उतरताना ही गर्दी! खाली दार उघडलं, तसा मी हात आडवा धरून दार अडवलं आणि एकेकाला बाहेर सोडलं. आमचे तिघेही उतरले. हेडक्लार्क पुढे, "चला, चौकापलीकडचंच हॉटेल, मासे काय मिळतात तिथे!" म्हणत, आणि बाकीचे दोघे त्यांच्या मागे. तेवढ्यात बाहेरची रांग आत घुसली. मी कोपऱ्यात चेपला गेलो. "अहो, मला उतरायचंय!" म्हटलं. कोण ऐकतंय? लिफ्ट मला घेऊन पुन्हा वर.

खाली आलो, तर तिघे नव्हते.

फोन खिशात होता. हॉटेल कुठे आहे ते कानांनी ऐकलं होतं. पाय उचलून गेलो असतो, तर विषय तिथेच संपला असता. पण माझं डोकं फिरलं. म्हटलं, बघू तर खरं, मी नाही हे यांच्या लक्षात कधी येतं ते. आपण यांच्या खिसगणतीत आहोत की नाही, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

मनोऱ्याच्या पायथ्याशी बाकावर बसलो आणि फोन मांडीवर ठेवला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंधरा मिनिटांनी शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांना म्हटलं, "माझ्या नंबरवर जरा एक फोन करता का?" त्यांनी केला. चांगला खणखणीत वाजला. फोनात काही बिघाड नव्हता.

मग मीच त्यांची वकिली करायला लागलो. बाईंचे गुडघे दुखतात, त्यांचं लक्ष पायाखाली असणार. कॅशियरला भूक लागली की दुसरं काही सुचत नाही. अर्धा तास झाला. पाऊण झाला. पोटात कावळे ओरडायला लागले. बायको असती, तर भाजी आणायला जातानासुद्धा दर दहा पावलांवर मागे वळून विचारायची, "आलात का?" तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. "येतोय ना बाई, पळून जात नाही!" असं खेकसायचो मी तिच्यावर. आज ते दोन शब्द ऐकायला जीव तुटत होता. कोणाकडूनही चालले असते.

सव्वा तासाने उठलो. रुसून उपाशी बसायचं माझं वय राहिलं नाही.

हॉटेलच्या काचेतून तिघे दिसले. मजेत हसत होते. चौथ्या खुर्चीवर बाईंची पर्स, कॅशियरचं स्वेटर आणि पाण्याच्या बाटल्या. मी टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. हेडक्लार्कांनी मान वर केली.

"अरे, उभा का? बस ना!"

कॅशियरने खुर्चीवरचं सामान खाली ठेवलं. ताटं केव्हाच चाटूनपुसून साफ झाली होती.

"लिफ्टभाऊ, तुम्ही काहीच घेतलं नाहीत," बाई म्हणाल्या. "सूप तरी सांगा."

"मी नव्हतोच बाई," मी म्हटलं. "सव्वा तास झाला. मनोऱ्याखाली बसलो होतो, एकटा."

हेडक्लार्क खो खो हसत सुटले. "काय थापा मारतोस लेका! वाटेत ते कारंजं नाही का बघितलं आपण? तूच तर म्हणालास, पाणी गढूळ आहे म्हणून."

"मी कारंजं बघितलेलंच नाही, साहेब."

"अहो भाऊ, होतात की तुम्ही!" बाई अगदी कळवळून म्हणाल्या. खोटं बोलत नव्हत्या हो. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचाच मला धसका बसला. "थांबा, दाखवते."

त्यांनी फोनमधला फोटो उघडून दाखवला. कारंज्यासमोर तिघे खांद्याला खांदा लावून उभे. बाईंनी फोटो मोठा करून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मागच्या गर्दीतही शोधलं. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला.

"हे काय! आम्ही तिघंही फोटोत आहोत. मग काढला कोणी? तुम्हीच!"

"सुटला प्रश्न," कॅशियर म्हणाला.

रस्त्याने जाणाऱ्या कोणाला तरी थांबवून काढून घेतला असणार. तो कोण होता, तेही यांना आठवत नव्हतं. तिघे माझ्याकडे बघत होते. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच, आणि किती मायेने!

"हो," मी म्हटलं. "मीच काढला."