गळ्यातला हलका कॅमेरा

मंडळी, तुळजापुरात देवीच्या महाद्वारासमोर मी भाविकांचे फोटो काढून देतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आज दुपारी एक नवीन जोडपं दर्शन घेऊन बाहेर आलं. कपाळभर मळवट, हाताची हळद अजून तशीच. नवरदेव थेट माझ्याकडंच आला. वाटलं, चला, दिवसाची भवानी झाली.

त्यानं स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. "दादा, उन्हात स्क्रीनच दिसंना झालीय. तुमच्या गळ्यात कॅमेरा हाय म्हंजे तुमाला जमतंय. काढा की एक!"

काढला. नव्या जोडीला देवीच्या दारात नाही कसं म्हणायचं? ते बघून मागचं जोडपंही मोबाइल घेऊन उभं राहिलं.

माझा कॅमेरा लई गुणी आहे हो. कितीही ऊन असू द्या, डोळा लावला की माणूस लख्ख दिसतो. मागची गर्दी पुसट होते, मळवटाचा रंग आहे तसा येतो. बॅटरी दिवसभर पुरते. आज तर ती भरलेलीच राहिली.

जुन्या कॅमेऱ्यानं मान धरायची, म्हणून हा मुद्दाम हलका घेतला. आत्ता जेवायला बसलो, तर बायको म्हणाली, "आवं, गळ्यातला कॅमेरा तरी काढून ठेवा."

इतका हलका आहे. घेता का कुणी?